दोन औषधांचें गणित

अनेक औषधें एकत्र देण्याची चाल वैद्यकांत जुनीच आहे. आपला दशमुळांचा काढा तिची साक्ष देईल. परंतु प्रत्येकाची मात्रा किती असावी, आणि जोडीनें खरोखरच अधिक गुण येतो कीं तसा नुसता भास होतो, हें ठरविण्याची गणिती रीत मात्र अलीकडची आहे.

१९२६ सालीं लोवे व मुइश्नेक या संशोधकांनीं तिची एक वाट आखून दिली. समजा, एका औषधाचे १० ग्रेन पुरतात, दुसऱ्याचे २०. दोहोंची नुसती बेरीज होत असेल, तर पहिल्याचे ५ व दुसऱ्याचे १० मिळून तोच गुण यावा. त्याहून थोडक्यांत भागलें, तर तीं परस्परांस साहाय्य करतात. अधिक लागलें, तर परस्परांच्या आड येतात.

१९३९ सालीं अमेरिकेचे ब्लिस यांनीं विषांसंबंधीं निराळा हिशेब मांडला. एक विष १०० पैकीं ५० किडे मारतें, दुसरें ४०. दोहोंचें कार्य स्वतंत्र असेल, तर उरलेल्या ५० पैकीं दुसरें २० मारील. एकूण ७० मरतील, ९० नव्हेत.

परंतु रोग्याच्या खाटेपाशीं आणखी एक गोष्ट आडवी येते: जंतु औषधाला निर्ढावतात. १९४८ सालीं ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनें क्षयरोगावरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेप्रमाणें कोणता रोगी कोणत्या गटांत जावा, हें यदृच्छेनें ठरविलें होतें. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकीं ४ दगावले. नुसती विश्रांति घेणाऱ्या ५२ पैकीं १४. विजय निर्विवाद दिसला. पण पांच वर्षांअखेर पहिल्या गटांतील ३२ व दुसऱ्यांतील ३५ रोगी मृत झालेले होते!

म्हणून स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पॅस हें औषध देऊन पाहिलें. १९५० च्या अहवालांत एकट्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ४९ रोग्यांपैकीं ३३ जणांचे जंतु निर्ढावलेले आढळले. दोन्ही घेणाऱ्या ४८ पैकीं केवळ ५ जणांचे. कारण उघड आहे. एका औषधाला दाद न देणारा जंतु लाखांत एक असला, तर दोहोंनाही न जुमानणारा हजार कोटींत एक.

अर्थात् जोडीचें मोल केवळ गुणांच्या बेरजेनें कळत नाहीं. पॅसच्या मोठ्या मात्रेनें रोगी मळमळीनें हैराण होत, म्हणून ‘किती?’ हा प्रश्न सुटलेला नव्हता. मात्रा थोडी झाली तर जंतु निर्ढावतात, अधिक झाली तर रोगी औषधच टाकतो. या दोहोंमधील अरुंद वाट शोधणें, हेंच या गणिताचें खरें कार्य होय.