कोरडी तालीम

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीं त्याची रंगीत तालीम होते. पोषाख, पडदे, दिवे, वाद्यें सर्व कांहीं खरें असतें. नसतो तो प्रेक्षक. इंग्रजींत याच्या उलट जातीच्या तालमीला 'ड्राय रन' म्हणतात. अमेरिकेंतील आगीच्या बंबवाल्यांच्या कवायतींतून हा शब्द आला, असें सांगतात. बंब धांवतो, शिडी लागते, नळी पसरते. पाणी मात्र सुटत नाहीं. तिला आपण कोरडी तालीम म्हणूं. दोन्ही तालमी वरवर सारख्याच दिसतात. परंतु ज्या एका गोष्टीसाठीं सारा खटाटोप, तीच दुसरींत वगळलेली असते.

संगणकाच्या इतिहासांत या कोरड्या तालमीला मोठें स्थान आहे. 1976 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' नांवाचा प्रोग्रॅम रचिला. एक विशिष्ट खूण देऊन तो चालविला, तर तो कामें न करितां कोणतीं कामें करणार होता त्यांची यादी तेवढी वाचून दाखवितो. पुढें एकेका माणसावर शेंकडों सर्व्हर सांभाळण्याची पाळी आली, तेव्हां त्यांची मांडणी आपोआप करणारीं सॉफ्टवेअरें निर्माण झालीं: ऑस्लो येथें मार्क बर्जेस यांचें 'सीएफइंजिन' 1993 सालीं, लूक केनिस यांचें 'पपेट' 2005 सालीं, मागाहून 'शेफ' आणि 'अ‍ॅन्सिबल'. यंत्र कोणत्या स्थितींत असावें हें माणसानें लिहून द्यावयाचें. आहे ती स्थिति तपासून हवी ती आणणें हें सॉफ्टवेअरचें काम. यांत सोय मोठी, तसें भयही मोठें. कारण एक चुकलेली ओळ क्षणांत शेंकडों यंत्रें बिघडवूं शकते. म्हणूनच या सर्वांत कोरड्या तालमीची सोय आहे. शेफमध्यें ती 2012 सालीं आली.

आतां ती फसते कशी तें पाहूं. समजा, तीन आज्ञा आहेत. पहिलीनें सर्व्हरवर एक नवा प्रोग्रॅम बसवावयाचा. दुसरीनें त्या प्रोग्रॅमच्या जागेंत एक फाईल लिहावयाची. तिसरीनें तो सुरू करावयाचा. तालमींत पहिली आज्ञा अमलांत येतच नाहीं. मग जी जागा अजून निर्माणच झाली नाहीं, तिच्यांत फाईल लिहितां येईल कीं नाहीं, हें सांगणार कसें? सॉफ्टवेअर एकतर नसलेली चूक दाखवितें, किंवा "झालें असें समजूं" म्हणून पुढें जातें. पहिल्या प्रकारांत माणूस उगाच घाबरतो. दुसऱ्या प्रकारांत तो निर्धास्त होतो, आणि तें अधिक वाईट. अ‍ॅन्सिबलमध्यें तर कित्येक आज्ञा तालमीच्या वेळीं वगळल्याच जातात, आणि त्यांच्या उत्तरावर ज्यांचा निर्णय अवलंबून त्या पुढच्या आज्ञांना आधारच उरत नाहीं.

याहूनही विलक्षण प्रकार म्हणजे तालीम कोरडी न राहणें. ज्या ओळींतून मेक स्वतःलाच पुन्हां हांक मारतो, ती ओळ तालमींतही खरोखर चालते. आंतल्या कामांची यादी मिळावी एवढाच त्यांतील हेतु. परंतु त्याच ओळींत दुसरी एखादी आज्ञा जोडलेली असेल, तर तीही अमलांत येते. बंबवाल्यानें कोरडी कवायत म्हणून नळी उघडावी आणि पाणी सुटावें, तशांतली ही गत.

परंतु हा दोष केवळ संगणकाचा आहे काय? आपल्या प्रांतांत हाच धडा पाण्यानें पूर्वींच शिकविला आहे. धरण बांधण्यापूर्वीं खडक तपासतात, गणितें मांडतात. हीं सारीं धरणाची कोरडी तालीमच होय. दक्षिणेचें पठार फार स्थिर, अशी समजूत होती. 1962 सालीं कोयनेच्या जलाशयांत पाणी सांठूं लागलें आणि आसपास धक्के जाणवूं लागले. 11 डिसेंबर 1967 रोजीं पहाटे मोठा भूकंप होऊन सुमारें 180 माणसें दगावलीं. धरणाला भेगा पडल्या, पण तें टिकलें. मागाहून तें मजबूत करण्यांत आलें.

ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांतील भातसा धरण कोयनेहून कांहींसें लहान, सुमारें 88 मीटर उंचीचें. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वांटा तेथून जातो. धरणाजवळच भातसानगर ही वसाहत आहे. 1983 च्या पावसाळ्यांत या परिसरांत धक्क्यांमागून धक्के बसले; सप्टेंबरांतील सर्वांत मोठा धक्का रिश्टर मापानें 5 च्या जवळ पोहोंचला. सांठलेल्या पाण्याचा भार खडकावर पडतो, आणि भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबानें खडकांची परस्परांवरील पकड सैल होते, अशी याची उपपत्ति आहे. म्हणजे जो खडक तपासला, तो पाणी येण्यापूर्वींचा. ज्यानें धरणाचा भार सोसला, तो पाणी आल्यानंतरचा. कृतीनेंच परिस्थिति पालटली, आणि त्या पालटाची नोंद कोरड्या तपासणींत असणें शक्यच नव्हतें.

सर्व्हरचीही गोष्ट हीच आहे. पहिली आज्ञा पाळली कीं यंत्र पूर्वींचें राहत नाहीं. कोरडी तालीम आपला हेतु वाचून दाखविते. परिणाम दाखवीत नाहीं. म्हणून ती टाकून द्यावी असें मात्र नव्हे. चुकीचें नांव, भलतीच फाईल, नको असलेली आज्ञा हीं तींत चटकन् सांपडतात. खडक न तपासतां धरण बांधणारा शहाणा कोण म्हणेल? पण तिच्यापुढें आणखी दोन पायऱ्या हव्यात. खऱ्यासारख्याच एखाद्या फावल्या सर्व्हरवर सर्व आज्ञा खरोखर चालवून पाहाव्या. ती रंगीत तालीम. नंतर खऱ्या सर्व्हरांपैकीं एकावर, मग चारांवर, मग सर्वांवर असें जावें आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहावें. धरणांतही पाणी टप्प्याटप्प्यानें चढवून उपकरणांवर नजर ठेवणें हाच शहाणपणाचा मार्ग ठरला आहे.

अनर्थ झाल्यावर "तालमींत सर्व ठीक होतें" हें उत्तर नेहमीं ऐकूं येतें. तें खोटें नसतें. पण धरणाखालीं राहणाऱ्याला, किंवा बंद पडलेल्या सर्व्हरमुळें खिडकीपुढें ताटकळणाऱ्याला त्याचा उपयोग नाहीं. त्याच्या वांट्याला तालीम येत नाहीं. येतो तो खेळच.