रिव्हर्स न घेणारी बोट

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी मी काही महिने दक्षिण इंग्लंडमध्ये होतो. टीममधल्या एका साठीच्या सहकाऱ्याकडे लांब कीलची जुनी शिडाची बोट होती. एका रविवारी मरिनातून बाहेर पडताना त्यानं सुकाणू माझ्या हातात दिलं. पार्किंगमधून गाडी काढतात तसा मी रिव्हर्स टाकला आणि बोटीचं बूड उजवीकडे न्यायला सुकाणू वळवलं. बूड गेलं डावीकडे. घाबरून मी इंजिनाचा जोर वाढवला आणि शेजारच्या बोटीचं रेलिंग वाकवलं. दुरुस्तीचे पैसे मी भरले. पण आज जास्त लाज वाटते ती तेव्हाच्या माझ्या वाक्याची: "हे डिझाइनच चुकलंय."

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्या मुंबईत बांधलेली 'सुहैली' अशीच आहे. तिच्याबद्दल वाच."

मला सुहैली ठाऊकच नव्हती. त्या रात्री वाचायला बसलो.

आधी माझं काय चुकलं ते सांगतो. कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचा कणा. जुन्या बोटींत तो जवळजवळ पूर्ण लांबीचा असतो आणि सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला टांगलेलं असतं. इंजिनाचा पंखा बहुधा या दोघांमधल्या खाचेत बसवतात. पुढे जाताना पंख्यानं फेकलेलं पाणी थेट सुकाणूवर येतं, म्हणून सुकाणू लगेच काम करतं. रिव्हर्समध्ये तेच पाणी उलटं, कीलकडे जातं. बोटीला वेग येईपर्यंत सुकाणू नुसतंच हलतं. त्यात पंखा स्वतःच बूड एका बाजूला सरकवतो, बहुतेक बोटींत डावीकडे. आणि लांब कील पाणी धरून बसते, दिशा बदलू देत नाही.

मग अशी बोट बांधायचीच कशाला? याचं उत्तर नॉर्वेत आहे. तिथे कॉलिन आर्चर या बोटबांधणीकारानं वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचवण्यासाठी शिडाच्या बोटी आखल्या. त्यातली त्याच्याच नावाची प्रसिद्ध बोट 1893 ची. तिला इंजिन नव्हतं. खवळलेल्या समुद्रात सरळ रेषेत टिकून राहणं हे तिचं काम. बंदरात शिरल्यावर नांगर, दोर आणि माणसांचे हात होतेच. रिव्हर्स हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नव्हता.

याच घराण्यातला एक आराखडा विल्यम अॅटकिन या अमेरिकी डिझायनरनं 1920 च्या दशकात काढला. त्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्यानं मुंबईत सागवानाची 32 फुटी बोट बांधून घेतली. 1964 च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. तीच सुहैली.

गंमत म्हणजे तेव्हा जग उलट्या दिशेला निघालं होतं. 1963 मध्ये कॅलिफोर्नियात 'कॅल 40' आली: छोटी, पात्यासारखी कील आणि तिच्यापासून दूर, मागे एकटं सुकाणू. ती वेगवान होती आणि शर्यती जिंकू लागली. 1965 मध्ये लॉस एंजेलिसजवळ मरिना देल रे सुरू झालं. मरिना म्हणजे बोटींचं पार्किंग: रांगा, अरुंद गल्ल्या, जागेवर वळण्याची सक्ती. नव्या बोटी तिथे सहज वळल्या. जुन्यांची अडचण झाली.

सुहैली 14 जून 1968 ला इंग्लंडमधल्या फॅल्मथहून निघाली. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ती शर्यत होती. ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिची स्वयंचलित सुकाणू-यंत्रणा कायमची निकामी झाली. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही. तेव्हा शिडं जुळवून तो बोटीलाच तिची दिशा धरू देई आणि झोप घेई. 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, तो फॅल्मथला परतला. नऊ जण निघाले होते. शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच.

माझ्या हातून रेलिंग वाकलं ते ज्या हट्टीपणामुळे, त्याच हट्टीपणानं त्याला झोपू दिलं होतं.

2018 मध्ये त्या शर्यतीच्या आठवणीत नवी शर्यत झाली. लांब कील आणि तिला जोडलेलं सुकाणू ही अटच होती. अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या, सुहैलीच्याच प्रतिकृतीतून, 'थुरिया'तून गेला. दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि त्याला वाचवून आणावं लागलं. लांब कील म्हणजे जादू नव्हे. तरी पुढच्या शर्यतीत तो पुन्हा लांब कीलच्याच बोटीतून गेला आणि 2023 मध्ये दुसरा आला.

ऑफिसात मीही जुना कोड पाहून "हे कुणी लिहिलंय?" म्हणणारा. तो कशासाठी लिहिला होता, हे क्वचितच विचारतो.

परतायच्या आधी मी पुन्हा सुकाणू मागितलं. या वेळी आधी वारा पाहिला, धक्क्याला एक दोर ठेवला. रिव्हर्समध्ये बूड डावीकडे जाणार हे धरूनच चाललो. गल्लीत आल्यावर सुकाणू उजवीकडे पूर्ण वळवून पुढे एक छोटा झटका, मग थोडा रिव्हर्स, पुन्हा झटका. बूड दरवेळी डावीकडे गेलं आणि बोट हळूहळू उजवीकडे, जवळजवळ जागच्या जागी फिरली. दहा मिनिटं लागली.

शेजारच्या बोटीचा मालक डेकवर उभा राहून पाहत होता. आम्ही बाहेर पडल्यावर त्यानं हात हलवला आणि आत गेला.