कुत्र्याची अपकीर्ति

वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर सकाळीं फिरावयास जाणाऱ्या वाचकांस एक देखावा परिचित असेल. एका बाजूस उंच इमारतींतून नोकरांनीं साखळीस धरून आणलेलीं नामांकित कुळांतील कुत्रीं. दुसऱ्या बाजूस कोळीवाड्यांत होड्यांच्या आसऱ्यानें वाढलेलीं निनांवी कुत्रीं. रॉटवायलर दिसतांच आई मुलाला मागें ओढते. लॅब्रॅडॉर दिसला तर तीच आई मुलाचा हात पुढें करते. दोघांनींहि अद्याप कांहीं केलेलें नसतें. निवाडा झालेला असतो तो केवळ नांवावरून. कायद्यानेंहि असाच निवाडा करावा काय, या प्रश्नास मुंबईच्या इतिहासांत कांहीं उत्तर सांपडतें.

1832 सालीं वरळी हें कोळ्यांचें गांव होतें. शहर म्हणजे मुख्यतः कोट व त्याभोवतालची वस्ती. तेथील मोकाट कुत्रीं मारण्याची ठराविक मुदत सरकारनें त्या वर्षीं वाढविली. दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. रस्त्यावरचें चपळ कुत्रें धरण्यापेक्षां दारांतलें माणसाळलेलें कुत्रें धरणें सोपें. तेव्हां शिपाई पाळींव कुत्रींहि ओढून नेऊं लागले. पारशी समाजांत कुत्र्यास धार्मिक महत्त्व आहे; मृतदेहावर त्याची दृष्टि पाडण्याचा ‘सगदीद’ नांवाचा विधि त्यांच्यांत आहे. 6 जून रोजीं लोकांनीं शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद पडलीं, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि सैन्य बोलवावें लागलें. पारशांबरोबर हिंदु आणि जैनहि या दंग्यांत होते. पुढें जमशेटजी जिजीभाई प्रभृति शेटियांनीं मध्यस्थी केली; आणि 1834 सालीं जमशेटजी व शेठ मोतीशहा यांच्या पुढाकारानें भुलेश्वरास पांजरपोळ ही संस्था निघाली. हुकूम काढणाऱ्यांनीं दोनच गोष्टी विचारल्या नव्हत्या : चावलें कोण, आणि त्याचा धनी कोण?

त्या वेळीं ‘मोकाट’ हा शब्द कुत्र्याच्या मुळावर आला. पुढें कुळाचें नांव तसेंच मुळावर येऊं लागलें. आपल्या घरोघरीं ज्यास अल्सेशियन म्हणत, तो मूळचा जर्मन मेंढपाळाचा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नांव इंग्रजांस रुचेना, म्हणून त्यांनीं त्यास ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ असें नवें नांव दिलें. त्यांतील ‘लांडगा’ लोकांच्या मनांत घर करून बसला. तो शब्द नांवांतून गाळला, तरी ऑस्ट्रेलियानें 1929 सालीं या कुत्र्याच्या आयातीस बंदी केली, आणि ती कित्येक दशकें टिकली. आज तोच कुत्रा पोलिसांचा विश्वासू साथीदार म्हणून वाखाणला जातो. कुत्रा बदलला नाहीं; बदललें तें नांव आणि माणसाचें भय.

12 मार्च 2024 रोजीं केंद्र सरकारनें 23 कुळांचीं कुत्रीं हिंस्र ठरवून त्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्याचें पत्रक राज्यांस धाडलें. महिन्याभरांतच, 10 एप्रिल रोजीं, कर्नाटक उच्च न्यायालयानें तें रद्द केलें. कारण संबंधितांचें म्हणणें ऐकून घेतलेलें नव्हतें. कोणी म्हणेल, बलाढ्य जबड्याचा चावा आणि पामेरियनचा चावा सारखा कसा? सारखा नाहींच. बळ हें कुळाबरोबर येतें, हें खरें. परंतु स्वभाव तितक्या निश्चयानें येत नाहीं. 2022 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासतां, वर्तनांतील फरकांपैकीं केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास फरक कुळामुळें असल्याचें आढळलें. बाकीचा भाग त्या कुत्र्याचे आईबाप, त्याचें बालपण आणि त्याचा धनी यांवर सोपवावा लागतो.

म्हणूनच नियमन हवें तें पैदाशीचें. मुधोळच्या घोरपडे राजांनीं शिकारी कुत्र्यांचें कूळ जोपासलें, तेव्हां त्या कुळास संस्थानाचें नांव लागलें. त्याच्या गुणदोषांस जबाबदार कोण, हें सर्वांस ठाऊक होतें. आजच्या बाजारांत पिल्लाचें कूळ ठळकपणें सांगितलें जातें, पण त्याची आई कोठें आहे हें विचारलें तर विक्रेता गप्प होतो. 2017 सालच्या केंद्रीय नियमांनीं याच गप्पपणावर बोट ठेवलें. पैदास करणाऱ्यानें राज्य मंडळाकडे नोंदणी करावी, अठरा महिन्यांपूर्वी कुत्रीस वितीस लावूं नये, तिच्या आयुष्यांत पांचांहून अधिक विती घेऊं नयेत, आठ आठवड्यांआधीं पिल्लूं विकूं नये, असे ते नियम आहेत. आईपासून फार लवकर तोडलेलें पिल्लूं भित्रें होतें, आणि भित्रें कुत्रेंच पुष्कळदां चावतें.

या नियमांत कुळांची काळी यादी नाहीं. परंतु ते कसोशीनें पाळले गेले, तर कोणतीहि यादी साधणार नाहीं तें साधेल. पिल्लूं घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबानें आधीं त्याची आई पाहावी आणि नोंदणीचा दाखला मागावा. दत्ताच्या पायांशीं चार कुत्रीं पूजणाऱ्या समाजास एवढें जड जाऊं नये. त्या मूर्तींतील कुत्र्यांचें कूळ आजवर कोणी विचारलेलें नाहीं.