उल्हास नदीची वाट

दक्षिण फ्रान्समध्ये कनाल द्यु मिदी नावाचा एक कालवा आहे. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा, साधारण 240 किलोमीटर लांब. 1681 साली तो खुला झाला. पुढे रेल्वे आली, मालवाहतूक ओसरत गेली. पण कालवा टिकला. आज झाडांच्या सावलीतून होडीने फिरायला तिथे जगभरातून माणसं येतात. 1996 पासून तो जागतिक वारसा आहे.

आता आपल्याकडे पाहू. उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणला येते. तिथे तिला भरतीचं पाणी भेटतं आणि वसईच्या खाडीतून ती समुद्राला मिळते. याच पाण्यावर कल्याण बंदर सातवाहनकाळापासून नांदलं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि इथल्या खाडीत गलबतं बांधायला घेतली. 1854 मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि हळूहळू आपण नदीकडे पाठ फिरवली.

अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. तीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते, ती कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी घेऊन.

2016 च्या कायद्याने उल्हास नदी, वसईची खाडी धरून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 जाहीर झाला. म्हणजे जुनी वाट कागदावर परत आली. पण होडीत पाय ठेवणारा माणूस आधी पाणी बघतो. म्हणून आपल्याला सुरुवात वालधुनीपासूनच करावी लागेल.