आष्टीचा दवाखाना आणि पडद्यावरचे वैद्यकशिक्षण

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात आष्टीसारख्या गावी नवखा डॉक्टर येतो, तो बहुधा बॉण्ड पुरा करायला. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, असा राज्याचा नियम आहे. सपाट प्रदेशात साधारण ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलेले असते. तिथली ओपीडी, बाळंतपणे, सर्पदंश, लसीकरण आणि न संपणारे अहवाल एक-दोन डॉक्टरांवर येतात, आणि अडल्यावर विचारायला वरिष्ठ शेजारच्या खोलीत नसतो.

हे अंतर जुने आहे. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली तेव्हा मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. तेव्हाच्या औरंगाबादला ते १९५६ मध्ये निघाले, अंबाजोगाईचे सत्तरच्या दशकात. परतूर तालुका त्या काळी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा तो त्यात आला. जिल्हा बदलला तरी प्रशिक्षणाची वाट औरंगाबादचीच राहिली. एप्रिल २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरक्षित प्रसूती, नवजात बालकाची काळजी अशा प्रशिक्षणांची रांग लागली. डॉक्टर ट्रेनिंगला गेला की केंद्र ओस पडे. शिकून आलेला बॉण्ड संपताच निघून जाई आणि नव्या माणसासाठी सगळे पहिल्यापासून करावे लागे.

जागेवर राहून, सवडीने शिकण्याची सोय संगणकाच्या आधी टपालाने आली. इग्नूने नव्वदच्या दशकात डॉक्टरांसाठी माता व बाल आरोग्याची पदव्युत्तर पदविका सुरू केली. वाचन घरी, हातची कामे मात्र रुग्णालयात, ही तिची विभागणी शहाणपणाची होती. पुढच्या कित्येक डिजिटल अभ्यासक्रमांना तेवढे भान राहिले नाही.

खरा पालट मोबाइलने केला, आणि त्यामागे आरोग्य खात्यापेक्षा प्रवेश परीक्षेचा जोर अधिक होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. त्याच सुमारास, एम्ससारख्या काही केंद्रीय संस्था सोडल्यास, नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची एकच वाट ठरली. मॅरो, प्रेपलॅडर यांसारख्या अ‍ॅपवरची व्याख्याने इंटर्न आणि बॉण्डचे डॉक्टर दुप्पट वेगाने पाहू लागले, रात्रपाळीत प्रश्नसंच सोडवू लागले. आपल्या गतीने शिकण्याची सवय या पिढीला लागली ती अशी. पण त्या अभ्यासात दुर्मीळ आजारांना जेवढी जागा मिळते, तेवढी गावच्या ओपीडीतल्या खोकल्या-तापाला मिळत नाही.

सरकारी यंत्रणा या मार्गावर जोमाने आली ती करोनाच्या साथीत. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने दीक्षा या शालेय शिक्षणाच्या व्यासपीठावर आयगॉट प्रशिक्षण सुरू केले. पीपीई किट घालणे-काढणे, घशाचा नमुना घेणे, व्हेंटिलेटरची ओळख असे छोटे पाठ डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी फोनवर पाहिले. क्षयरोग कार्यक्रमासाठी ‘स्वस्थ ई-गुरुकुल’ निघाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम साथीच्या थोडे आधीच सक्तीचा झाला होता. या पाठांचा फायदा उघड आहे: केंद्र सोडावे लागत नाही आणि अर्धवट राहिलेला पाठ बाळंतपण उरकून पुढे चालू करता येतो. दोषही तितकाच उघड आहे. व्हिडिओ चालू ठेवून दुसरे काम करता येते आणि प्रमाणपत्र तरी मिळते. शिवाय प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणे किंवा नवजाताला अंबू बॅगने श्वास देणे, पडदा पाहून हातात बसत नाही.

इंटर्नशिपच्या २०२१ च्या नियमांनी म्हणूनच लॉगबुकावर भर दिला. प्रत्यक्ष केलेल्या कामावर देखरेख करणाऱ्याची सही लागते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. साडेचार वर्षांचा अभ्यास पुरा करून त्याची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास इंटर्नशिपला लागेल, आणि परतूर तालुक्यातल्या केंद्रांसाठी अशी सही करणारे शिक्षक प्रथमच जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, सरकारी महाविद्यालयात असतील.