मधूनच थांबणारा ब्लोअर : जुन्या मोटारीतील लपलेल्या दोषाचा शोध

पावसाळ्यात घाट उतरताना मोटारीची पुढची काच आतून धूसर होऊ लागली, की चालकाचा हात आपसूक ब्लोअरच्या बटणाकडे जातो. नेमका त्याच वेळी पंखा बंद पडला, तर समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. वापरलेली गाडी विकत घेणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की पंखा सुरळीत चालतो, मेकॅनिकला दोष सापडत नाही आणि दोन दिवसांनी तो पुन्हा थांबतो. मग अंदाजाने एकेक सुटा भाग बदलण्याचा मार्ग पत्करला जातो. त्यात पैसा तर जातोच. शिवाय मूळ कारण तसेच राहिले, तर आगीचा धोकाही संभवतो.

रचना समजून घेताना

ब्लोअर म्हणजे डॅशबोर्डखाली, बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे, बसविलेला पिंजऱ्याच्या आकाराचा पंखा आणि त्याला फिरविणारी १२ व्होल्टची मोटर. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज व रिलेमार्गे मोटरकडे येते आणि रेझिस्टर व वेग बदलणारा स्विच यांतून गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे ‘अर्थ’ला, मिळते. या भागांचा क्रम गाडीनुसार बदलतो. पूर्ण वेगावर ही मोटर १५ ते २० अँपिअर प्रवाह घेऊ शकते.

कमी वेगांसाठी प्रवाह रेझिस्टरमधून नेला जातो. सर्वोच्च वेगावर रेझिस्टर वगळला जातो. रेझिस्टर चांगलाच तापत असल्याने तो मुद्दाम पंख्याच्या हवेच्या मार्गात बसवितात. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर प्रवाह तोडणारा थर्मल फ्यूजही बहुधा त्यावर असतो. स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो.

लक्षणांची नोंद

पंखा खरोखर थांबतो, की केवळ हवा कमी होते, हे आधी ठरवावे. पंख्याचा आवाज येत असूनही हवा हळूहळू कमी होत असेल, तर वातानुकूलन यंत्रणेच्या इव्हॅपोरेटरवर बर्फ साचल्याची शक्यता असते. वातानुकूलन बंद करून पंखा तसाच चालू ठेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हवा पूर्ववत झाली, तर हा दोष विजेच्या जोडणीचा नव्हे.

पंखाच थांबत असेल, तर कोणत्या वेगावर थांबतो ते पाहावे. सर्वोच्च वेग चालतो पण खालचे वेग चालत नाहीत, असे असल्यास संशय रेझिस्टरवर किंवा त्याच्या थर्मल फ्यूजवर जातो. केवळ सर्वोच्च वेग मिळत नसेल, तर स्विचचा तो संपर्क किंवा काही गाड्यांत त्या वेगासाठी असलेला वेगळा रिले तपासावा. सर्वच वेग एकाच वेळी जात-येत असतील, तर दोष सामाईक मार्गात असतो : फ्यूज, मुख्य रिले, कनेक्टर, अर्थची जोडणी अथवा स्वतः मोटर.

पंखा खड्ड्यात आदळल्यावर थांबतो, की अर्धा तास चालून तापल्यावर, की पावसानंतर, हेही लिहून ठेवावे. पहिल्या प्रकारात सैल जोडणीचा, दुसऱ्यात तापणाऱ्या संपर्काचा वा रिलेचा, तर तिसऱ्यात ओलावा व गंज यांचा संशय बळावतो. स्विच चालू असताना थांबलेल्या मोटरच्या आवरणावर हलकेच टिचकी मारताच ती फिरू लागली, तर आतील कार्बन ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

मोजमाप कधी व कसे

दोष प्रकट झालेला असतानाच मोजमाप घ्यावे. पंखा चालू असताना घेतलेल्या मापातून तो क्वचितच सापडतो. मोटरचा कनेक्टर न काढता, वेग सर्वोच्च ठेवून, मोटरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मल्टिमीटरने पाहावे. तेथे पूर्ण व्होल्टेज असूनही पंखा स्थिर असेल, तर दोष मोटरमध्येच आहे. व्होल्टेज नसेल, तर प्रत्येक टोक बॅटरीच्या ऋण टोकाच्या संदर्भात वेगवेगळे मोजावे. दोन्ही टोकांवर १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर तुटलेली जोडणी मोटरनंतर, अर्थच्या बाजूला आहे. दोन्हीकडे शून्य आले, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही.

वीज बंद करून केवळ ओहममध्ये रोध मोजणे येथे फसवे ठरते. वायरच्या अनेक तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्य रोध दाखवतो. पण ती एक तार १५ अँपिअरचा भार पेलू शकत नाही. म्हणून पंखा पूर्ण वेगात चालू ठेवून प्रत्येक जोडणीच्या दोन बाजूंमधील व्होल्टेजची घट मोजणे अधिक विश्वसनीय. अर्थच्या चांगल्या जोडणीत ती साधारणतः ०.१ ते ०.२ व्होल्टहून अधिक नसावी.

ही घट क्षुल्लक वाटली तरी तिचा हिशेब बोलका आहे. एखाद्या गंजलेल्या संपर्काचा रोध ०.१ ओहम असेल आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह जात असेल, तर २ व्होल्ट तेथेच वाया जातात आणि ४० वॅट उष्णता निर्माण होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी ही उष्णता प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये कोंडते. त्यामुळे कनेक्टर तपकिरी पडलेला किंवा वितळलेला दिसल्यास केवळ रेझिस्टर बदलून भागत नाही. जुन्या, सैल पडलेल्या कनेक्टरवर बसविलेला नवा रेझिस्टरही लवकरच निकामी होतो. मोटर जड फिरत असेल, तर तीही तपासणे आवश्यक ठरते.

अपुऱ्या दुरुस्तीचा धडा

ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी या मोटारींना लागलेल्या आगी २०१५ मध्ये गाजल्या. आगीचे मूळ हीटर व ब्लोअरच्या यंत्रणेत होते. रेझिस्टरच्या थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती हे कारण प्रारंभी पुढे करण्यात आले आणि दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्यात आल्या. परंतु २०१६ मध्ये त्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. ओलाव्याने गंजून मोटर अडकणे हेही कारण असल्याचे पुढे आले होते. अडकलेली मोटर अधिक प्रवाह घेते, हवा थांबलेली असल्याने रेझिस्टर थंड होत नाही आणि शेवटचे संरक्षण थर्मल फ्यूजचेच उरते. २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने या प्रकरणातील दिरंगाईबद्दल कंपनीवर टीका केली.

थर्मल फ्यूजला तारेने बगल देणे किंवा वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज बसविणे, ही ‘दुरुस्ती’ म्हणूनच सर्वांत घातक होय. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने असे काही केले आहे का, हे व्यवहारापूर्वी पाहावे. ब्लोअर सर्व वेगांवर मिळून किमान वीस मिनिटे चालवावा, जळका वास येतो का ते पाहावे, फ्यूजवरील आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेशी ताडावा आणि डॅशबोर्डखाली चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडण्या शोधाव्यात. तेथील पिवळ्या रंगाचे कनेक्टर मात्र सहसा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.

गॅरेजमध्ये जाताना ‘पंखा कधीकधी बंद पडतो’ एवढेच सांगण्याऐवजी कोणत्या वेगावर, किती वेळाने व कोणत्या हवामानात तो थांबतो, याची नोंद मेकॅनिकच्या हाती द्यावी. अनावश्यक सुट्या भागांचा खर्च त्यातूनच वाचतो आणि पुढच्या पावसात काचही स्वच्छ राहते.