मढीची ओढ, मढीची वाळ

'वाळीत टाकणे' या शब्दाची धार पाथर्डी तालुक्यातल्या मढीत कळते. कानिफनाथांच्या यात्रेला भटक्या जमाती ओढीने येत, गाढवांचा बाजार भरे आणि तिथेच जातपंचायती बसत. ज्या ओढीने माणसे जमत, तिच्याच बळावर एखाद्याला हुसकून लावता येई. इंग्रज सरकारने १८७१च्या कायद्यानंतर कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, मग पंचांशिवाय त्यांनी दाद मागायची कुठे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण वाळीत पडलेल्याच्या घरी सोयरीक जुळत नसे, मयताला खांदा मिळत नसे; याला न्याय कसा म्हणावा? 'जातीत घेणे' हा उलट शब्दही दंडाच्या रकमेला बांधलेला. जन्मजात गुन्हेगारीचा तो सरकारी शिक्का १९५२मध्ये पुसला गेला. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा मात्र २०१६चा, आणि लागू झाला २०१७मध्ये.